भिंतीकडचा कीबोर्ड

"आई, तो भिंतीकडचा कीबोर्ड रत्नदीपचा होय. संध्याकाळी येईन तो न्यायले. मले उशीर झाला तं तूच देजो त्याले."

धनंजय दारात उभा राहून हे बोलला तेव्हा छायाबाई देवघरासमोर बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हातात माळ, सातवी माळ अर्ध्यावर. अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, जागचं उठायचं नाही, असा त्यांचा चोवीस वर्षांचा नेम. धरला होता तोही याच लेकासाठी. सव्वा महिन्याचं पोर काविळीने हळदीसारखं पिवळं पडलं, तेव्हा त्यांनी देवापुढे पदर पसरला होता. पोर वाचलं आणि नेम राहिला. घरात लग्न असो, अंगात ताप असो, तो कधी मोडला नाही.

"देशीन ना?" धनंजयने पुन्हा विचारलं.

त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली. मग चपलांचा आवाज झाला, फाटकाची कडी वाजली, आणि मोटारसायकल गल्लीच्या वळणापर्यंत त्यांनी कानांनीच पोचवली.

त्या दिवशी तो जामला गेला होता. हैदराबादकडून येणारा एक ओळखीचा ट्रकवाला जामच्या चौकात त्याला कॉम्प्युटरचा नवा कीबोर्ड देणार होता. तो घेऊन धनंजय निघाला, पण घरी, आर्वीला, पोचला नाही. रत्नदीप आला तो दुसऱ्या दिवशी, आणि कीबोर्ड न्यायला नाही, खांदा द्यायला.

लेकाचं ते शेवटचं बोलणं छायाबाईंच्या कानावर पडलं होतं, मनात उतरलं नव्हतं. जपाला बसलेल्या माणसाच्या कानाचं असंच असतं. बाहेरचं बोलणं उंबऱ्यापाशी ताटकळत राहतं. हे बोलणं उंबरा ओलांडून आत आलं ते दीड महिन्याने. जपालाच बसल्या होत्या आणि शब्द न् शब्द ऐकू आला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झालं असं की, तेरवीच्या दिवशी भावकीतले अण्णाजी म्हणाले, कपडे, गादी, भांडं सगळेच देतात, पण पोराच्या जिवाची एखादी वस्तू द्या, नाहीतर जीव तिच्यापाशीच घुटमळते. धनंजयचे वडील महादेवराव खाली मान घालून बसले होते, म्हणून छायाबाईच उठल्या. पाहुण्यांना बसायला जागा व्हावी म्हणून कोणीतरी खोलीतलं टेबल हलवलं होतं. त्यावरचे दोन्ही कीबोर्ड एकावर एक ठेवून पलंगाखाली सारले होते. भिंतीकडचा कोणता आणि खिडकीकडचा कोणता, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी दोन्हींची बटनं दाबून पाहिली. एक जवळजवळ मुका. दुसरा वाजणारा, टक् टक् टक्. शेवटचे पंधरा दिवस भिंतीपलीकडून त्यांनी हाच आवाज ऐकला होता. याच आवाजापायी त्या लेकाला बोलल्याही होत्या, की माझी माळ चुकते रे बाबा. ज्याच्यावर बोटं इतकी चालली तोच त्याच्या जिवाचा, असं त्यांनी धरलं. त्यावर तुळशीपत्र ठेवलं, पाणी सोडलं आणि स्वयंपाकाला आलेल्या रुख्मिणीच्या हाती दिला. रुख्मिणीची मंजुषा टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणार होती.

मुका मात्र त्यांनी ठेवून घेतला. देवघराशेजारच्या कोनाड्यात, जुन्या रेशमी ब्लाउजपीसखाली. कोणाला सांगितलं नाही.

बोलणं आठवलं त्या दिवशी अकरा माळा कशाबशा उरकून त्या उठल्या आणि धनंजयच्या टेबलाच्या खणातली वही काढली. पोरगा दिवसभर एका अडत्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा आणि घरी आला की खेळायचा. पण नुसतं खेळणं नव्हतं ते. गेम खेळायचे स्वस्तातले कीबोर्ड तो मित्रांकडून मागून आणायचा, आठ-पंधरा दिवस वापरायचा, वहीत लिहायचा आणि मग आपल्या वऱ्हाडीत बोलून मोबाईलवर त्याचा व्हिडिओ टाकायचा. त्याचं म्हणणं, खेड्यातला पोरगा एकदाच घेते, त्याले फसवलं नाई पाह्यजे. आईलाही त्याने एकदा समजावलं होतं, की साध्या कीबोर्डात सगळ्या बटनांखाली मिळून एकच रबर असते, आणि याच्यात एकेका बटनाखाली आपआपला स्प्रिंगचा स्विच. त्या तेव्हा मेथी निवडत होत्या. म्हणाल्या होत्या, असंन बाबा.

वहीच्या त्या पानावर होतं :

नं. १. माझा. लाल स्विच. आवाज नाई. बोट लोण्यात गेल्यासारखं जाते. खेळाले मस्त, लिहायले घसरते.

नं. २. रत्नदीपचा. निळे स्विच. बटन दबलं की स्वतः वाजून सांगते. लिहायले एकदम भारी, खेळाले जरा जड. आवाज : आई बोलते.

नं. ३. जामवरून आणायचा.

तिसऱ्यापुढे काही नव्हतं.

छायाबाईंनी 'आई बोलते' यावर बोट ठेवलं आणि वही मिटली. एका दिवशी एकच पान, असं त्यांनी ठरवलं. पोथीचा अध्याय वाचतात तसं. त्याहून जास्त झेपलं नसतं.

वाजणारा तो पोराचा नव्हताच. पारखायला म्हणून तो पंधरा दिवस त्याच्यावर बसला होता. दुसऱ्याची वस्तू आपण दान देऊन मोकळे झालो, आणि ज्याची वस्तू त्याला द्यायचा शब्द मान हलवून दिला होता, हे त्यांना असं लागलं की दुपारचं जेवण गेलं नाही. महादेवराव म्हणाले, रत्नदीपने तर कधी विषयही काढला नाही. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्यानं नाई काढला. पण धनंजयनं मले सांगतलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्या रुख्मिणीकडे गेल्या. टिनाच्या दोन खोल्या, दाराशी अबोली. गल्लीतूनच आवाज आला, टक् टक् टक्, आणि छायाबाईंचे पाय थांबले. डोळे आपोआप मिटले. भिंतीपलीकडे पोरगा बसला आहे, आता म्हणेल, आई, चहा टाकतं का. मग आतून मंजुषा बाहेर आली. मामाने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरला तो कीबोर्ड जोडून ती रोज सराव करत होती. पाणी देता देता म्हणाली, "काकू, पहिले माह्यी बोटं लय चुकत. आता चुकलं की आवाजावरूनच समजते. परीक्षा झाली की पहिला पेढा धनंजयदादाच्या फोटोले ठेवीन."

पाणी सोडलेली वस्तू परत कोणत्या तोंडाने मागायची. आणि न मागितलेलीच बरी, असंही त्यांना वाटलं. पोरीच्या बोटांखाली तो आवाज जिवंत होता. त्यांनी मंजुषाच्या डोक्यावरून हात फिरवला, अबोलीची चार फुलं देवाला म्हणून घेतली आणि परतल्या.

मग राहिलं बाजारात पाहणं. बसस्टँडच्या रस्त्याला प्रभाकररावांचं कॉम्प्युटरचं दुकान. छायाबाईंनी सांगितलं, निळ्या स्विचचा पाहिजे, वाजणारा. प्रभाकररावांनी दोन डबे उघडले आणि बटनांखालचे रंगीत दिवे लावून दाखवले. छायाबाईंनी डोळे मिटले आणि एकेका बोटाने बटनं दाबत राहिल्या. एकाचा आवाज रातकिड्यासारखा बारीक. दुसऱ्याचा कढईच्या काठावर झारा आपटावा तसा. पहिला त्यांनी पुन्हा जवळ ओढला. ऐकला. नाही म्हणून मान हलवली.

"वहिनी, लोक दिवे पाहून घेतात," प्रभाकरराव गमतीने म्हणाले. "तुम्ही तं मडकं घेतल्यासारखं वाजवून घेऊन राह्यल्या." मग त्यांना काही आठवलं असावं, कारण हसू अर्ध्यावर राहिलं. ते डबे बंद करत हळूच म्हणाले, धनंजय उभा असायचा तिथेच उभ्या आहात तुम्ही. त्याच्या मित्राकडचा जो होता, तो माल आता येतच नाही. कंपनीने बंद केला.

त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर त्यांनी महादेवरावांच्या मोबाईलवरून रत्नदीपला फोन लावला. रत्नदीप रोहणा गावचा, प्रेमदासजींचा मुलगा, धनंजयबरोबर आर्वीलाच कॉलेजला होता. काही न लपवता त्यांनी सगळं सांगितलं. तुळशीपत्राचंही सांगितलं.

"काकू, तुम्ही त्याच्यापायी बाजार फिरल्या?" तो म्हणाला. "राहू द्या ना. लय वाजे तो. बाबा म्हणत, काऊन रे, टिनावर गारा पडून राह्यल्या का?" मग म्हणाला, परवा सकाळी दहाला निघतो आहे, पुण्याला नोकरी लागली. रूमवर चौघंजण, दोघं दिवसा झोपतात. तिथं तो तसाही चालला नसता. मंजुषाताईलाच राहू द्या.

छायाबाईंनी विचारलं, मग तुझं खेळणं कसं. तो म्हणाला, खेळणं आता नाईच काकू. जोडीदारच नाई.

रत्नदीपने माफ केलं होतं, पण शब्द त्याला नाही, धनंजयला दिला होता, म्हणून रत्नदीपच्या माफीने तो फिटतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीचं त्या दिवसाच्या वाट्याचं पान उघडलं. ते लिहिलेलं शेवटचं पान होतं. वर 'निकाल' लिहून दोन रेघा मारलेल्या. खाली : "लिहायचं काम असंन तं नं. २. खेळाचं असंन तं नं. १. नं. ३ पाहून सांगतो. रत्नदीपले माहा नं. १ लय आवडते. खेळून झालं की दहा वेळा हात फिरवते, पण मागत नाई, लाजते. नं. ३ चांगला निघाला तं नं. १ त्याचा. त्याले आत्ता नाई सांगायचं."

छायाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग कोनाड्याकडे पाहिलं.

दुपारी रेशमी कापड बाजूला करून कीबोर्ड मांडीवर घेतला. डाव्या बाजूच्या चार बटनांवरची अक्षरं झिजून गेली होती. तिथे पोराची बोटं असायची. त्यांनी त्या चार जागी आपली चार बोटं ठेवली. बटनं खाली गेली आणि वर आली, आवाज न करता. महिनाभर देवाच्या बाजूला ठेवून त्या याच्याशीच तर बोलत होत्या. अण्णाजींनी जिवाची वस्तू द्या म्हटलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्याची दिली आणि ही लपवली. चूक न कळत झाली असेल, पण लपवणं कळूनच होतं.

संध्याकाळी त्यांनी कीबोर्ड पुसून कापडी पिशवीत घातला आणि महादेवरावांना सांगितलं, उद्या साडेआठच्या बसने रोहण्याला जा, रत्नदीप निघायच्या आत त्याच्या हाती द्या. महादेवरावांनी पिशवीत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि बरं म्हणाले.

सकाळी नेहमीच्या वेळी छायाबाई जपाला बसल्या. आज मणी लवकर सरकत नव्हते. सहावी माळ झाली. सातवी अर्ध्यावर आली तेव्हा दारात पावलं थांबली.

"निघतो मी," महादेवराव म्हणाले. "त्याच्या हातीच देतो. ठीक आहे ना?"

मान हलणार होती. तेवढंच करायचं होतं. पण ती जागची हलली नाही. असाच कोणी दारात उभा होता, असंच विचारत होता, आणि त्याचं तोंड कसं होतं, शर्ट कोणता होता, केस विंचरले होते की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले.

महादेवराव उंबऱ्यात उभे होते. दाढी वाढलेली, सदऱ्याचं वरचं बटन चुकीच्या काजात. पिशवी छातीशी धरलेली. बायकोचे उघडे डोळे पाहून ते घाबरल्यासारखे झाले.

"काऊन, झाल्या का अकरा?"

"नाई," छायाबाई म्हणाल्या. सकाळच्या त्या वेळेला चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज घरात ऐकू आला. "थांबा जरा. मान मी हलवली होती. मलेच जा लागन."

त्यांनी माळ ताम्हनात ठेवली, आहे तशी, अर्ध्यावर. देवाला हात जोडले. मग उठून महादेवरावांचं बटन सोडवून बरोबर काजात लावलं आणि पिशवी त्यांच्या हातून घेतली. चहा गाळून ठेवला आहे, गरम करताना ऊतू जाऊ देऊ नका, एवढं सांगितलं.

फाटकाची कडी हळूच लावून त्या स्टँडच्या दिशेने चालू लागल्या. पिशवीत कीबोर्ड होता, आणि चालताना तो जराही वाजत नव्हता.