सातवे कलम

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. मोठी माणसे मला मुखत्यारपत्र म्हणतात. नाव भारदस्त असले तरी काम सोपे: ‘माझ्या जागी तू सही कर’, असे एकाने दुसऱ्याला माझ्यावर लिहून दिलेले असते.

कचेरीबाहेर टाइप करणाऱ्या एका काकांच्या टेबलावर माझा जन्म झाला. समोर एक सैनिक आणि त्याची थोरली बहीण बसली होती. त्याला लांबच्या सीमेवर जायचा हुकूम आला होता. बायको आधीच देवाघरी गेलेली, त्यामुळे त्याची सात वर्षांची मुलगी चिमी आता आत्याजवळ राहणार होती. घर, बँक, गाडी, सगळ्यांची कलमे झाली. मग तो म्हणाला, “आणखी एक लिहा. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या जागी ताई सही करेल.”

काका हसले. “अहो, त्याला मुखत्यारपत्र कशाला लागतंय?”

“लागत नाही, तरी लिहा. बाबांचीच सही हवी म्हणून ती हटून बसते.”

ते माझे सातवे कलम. मला सगळ्यांत जास्त अभिमान त्याचाच.

दोन वर्षे मी मिरवून घेतले. कुठल्याही खिडकीवर माझा शब्द खाली पडत नसे. आणि प्रगतिपुस्तक आले की चिमी मला पुढ्यात पसरून सातव्या कलमावर बोट ठेवी. “हं आत्या, आता कर.”

मग एका दुपारी गणवेशातली दोन माणसे दारात आली. त्यांचे बोलणे संपायच्या आत ताईने चिमीला पोटाशी धरले.

पुढे ती मला घेऊन बँकेत गेली. तिथल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, देणारा माणूस गेला की हे पत्रही संपतं.”

म्हणजे तो गेला त्याच घटकेला मीही संपलो होतो. मला त्याचा पत्ताच नव्हता. फार रडावेसे वाटले, पण कागदाला रडता येत नाही.

ताईने मला कपाटाच्या तळाशी ठेवले. परीक्षा झाली, प्रगतिपुस्तक आले. चिमीने मला शोधून काढले.

“नाही गं बाळा, आता ते चालत नाही,” ताईला हुंदका आवरेना.

चिमीने सातव्या कलमावर बोट ठेवले. “बँकेत नसेल चालत. मला चालतं.”

ताईने सही केली.

मित्रांनो, घरातला जुना कागद निरुपयोगी म्हणून रद्दीत टाकण्याआधी एकदा वाचून बघा. माझ्या तळाशी चिमीच्या बाबांची सही आहे. चिमी अजूनही त्या सहीवरून बोट फिरवते.