दोरीवरची मुलगी दिसली नाही

भागवतची काळीपिवळी केज ते युसूफ वडगाव दिवसातून सहा-सात फेऱ्या मारायची. नऊ माणसांची गाडी, तीत पंधरा बसत, आणि पंधराही जण बोलत. पण गेल्या दिवाळीपासून गाडीत सगळ्यात जास्त बोलायचा तो स्टेअरिंगवर बसलेला माणूसच. बाजाराला निघालेल्या बायका, तहसीलला कागदं घेऊन चाललेले म्हातारे, सगळ्यांना आता ठाऊक झालं होतं, की भागवतची मनिषा समुद्रातल्या जहाजावर खेळ करते.

"जहाजावर कसला खेळ?" एखादा नवखा विचारी. मग भागवत आरशातून त्याच्याकडे बघत सुरू होई.

"ते सादं जहाज न्हाई. नवं कोरं हाय, बारा मजली. लोक त्याच्यात पाच दिवस फिरायला जातेत. मुंबईहून गोवा, कोची अन् माघारी. आत टॉकीजपेक्षा मोठं थेटर हाय. तिथं रोज सांजच्याला कार्यक्रम. माझी पोरगी छताला बांधलेलं कापड धरून वर जाती, अन् फिरक्या घेत खाली येती. लोक उभं राहून टाळ्या वाजवतेत."

हे सगळं त्यानं पाहिलेलं नव्हतं. मनिषानं पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ तेवढा त्याच्या फोनमध्ये होता आणि तो वडगावातल्या निम्म्या लोकांनी पाहिला होता.

मनिषा हे सगळं शिकली ती शाळेत. त्रिंबक सरांनी शाळेमागच्या लिंबाला दोर टांगून पोरींना दोरीचा मल्लखांब शिकवला होता. बाकीच्या पोरी लग्नं होऊन गेल्या, मनिषा दोर सोडीना. बारावीनंतर सरांच्याच ओळखीनं ती मुंबईच्या एका पथकात गेली आणि तिथून जहाजावर. आठ महिन्यांचा करार होता. भिवराबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या मनात नव्हतं. "खेळ करायचाय तर जमिनीवर कर की," असं ती म्हणाली होती. पण दर पाच दिवसांनी जहाज मुंबईला लागलं की मनिषाचा फोन यायचा, आणि त्या फोनवर ती माउली निभावून नेत होती.

डिसेंबरात अर्जुनरावांनी जहाजाची सहल ठरवली. अर्जुनराव म्हणजे वडगावातलं मोठं घर. पंचायत समितीचे माजी सभापती, शंभर माणसं दारात. त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून मुलानं, रविराजनं, सगळ्या घराची तिकिटं काढली. जायच्या आदल्या दिवशी अर्जुनरावांनी भागवतची गाडी रस्त्यात थांबवली.

"भागवता, तुझ्या पोरीच्याच जहाजावर चाललोय. खेळ बघून येतो तिचा."

"बघा आण्णा. अन् कसा वाटला ते सांगा," भागवत म्हणाला. त्या दिवशी त्यानं दोन फेऱ्यांत कुणाकडूनच भाडं मागितलं नाही, विसरूनच गेला.

पाचव्या दिवशी जहाज मुंबईला परत लागलं. मनिषाचा फोन आला नाही. कामात असेल. सहाव्या दिवशी सकाळी अर्जुनरावांच्या गाड्या गावात शिरल्या, आणि भागवत दहाची फेरी सोडून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

ओट्यावर माणसं जमली होती. अर्जुनराव खुर्चीत बसून जहाजाचं सांगत होते. जेवण कसं चोवीस तास चालू, पोहायचा हौद कसा अकराव्या मजल्यावर, लिफ्टमध्ये आरसे कसे. मग कार्यक्रमांवर आले.

"पहिल्या दिवशीचा जादूगार एक नंबर. बाईचे दोन तुकडे केले गड्यानं. तिसऱ्या दिवशी गाण्याचा कार्यक्रम, तो बी बरा. पण दुसऱ्या दिवशीचा, तो कापडावरचा..." त्यांचं लक्ष भागवतकडे गेलं. "तुझ्याच पोरीचा बघ भागवता. अर्धाच दाखवला रे. मधीच पडदा टाकला. लोक लई नाराज झाले. आमच्या बाजूचा गुजराती तर मॅनेजरला भांडायला गेलता."

"अर्धा कावून, आण्णा?"

"कायतरी टेक्निकल म्हणले माइकवर. लाइट-बिट गेली आसंल."

भागवतनं मान हलवली. लाइट गेली असेल. पण दाराच्या आत अर्जुनरावांच्या पत्नी, केसरबाई, उभ्या होत्या, आणि त्या हातानं त्याला आत बोलवत होत्या.

"लाइट न्हाई गेलती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगी पडली. निम्म्या उंचीवरून. उजव्या हाताला कापडाचा पीळ बसलेला, त्याच्यात हात अडकला अन् बाकीचं अंग खाली आलं. मी पुढच्या रांगेत व्हते. आवाज आला तिचा. मग पडदाच पडला."

"पुढं?"

"पुढं काय कळंना. मी म्हणलं आमच्या गावची लेक हाय, जरा बघू द्या. दारातली माणसं हसून बोलली, पण आत सोडलं न्हाई. नंतरचे दोन दिवस बी गेलते. 'स्टाफ एरिया' म्हणले." केसरबाईंनी पदर तोंडाला लावला. "ह्यांना सांगितलं, तर म्हणले, तू नीट बघितलं नसशील."

भागवतनं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. फोन बंद. जहाज पुन्हा पाण्यात गेलं होतं.

मुंबईच्या एजंटाचा नंबर होता. तो लागला. पलीकडचा माणूस गोड बोलला. "काका, काही सिरियस असतं तर कंपनीचा मेल आला असता ना? मेल नाही म्हणजे सगळं ठीक."

"एकडाव तिच्याशी बोलणं करून द्या साहेब."

"शिपवर असं डायरेक्ट नाही होत काका. मी मेल टाकतो."

भिवराबाईला सांगावं की नाही, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. तो घरी गेला तेव्हा तिला बायकांकडून कळलेलं होतं. ती चुलीपुढं बसली होती आणि चुलीत जाळ नव्हता.

संध्याकाळी त्रिंबक सर आले. भागवतनं जसं ऐकलं तसं सांगितलं.

"पिळात हात अडकून अंग खाली आलं म्हणजे खांदा निखळला आसंल," सर म्हणाले. "नीट बसवला तर बसतो. न्हाई बसला तर हात कानाच्या वर जात न्हाई. माझ्याकडं शिकणाऱ्या दोन पोरींचं झालतं तसं. स्वतःची वेणी घालायची म्हणलं तरी दुसरं माणूस लागायचं."

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांची नात आरोही स्वतः भागवतच्या घरी आली. बीडला कॉलेजात होती, सुट्टीला आलेली. आजीनं पाठवलं होतं तिला.

"काका, जहाजावर जाऊन आलेली लोकं आपलं मत लिहितेत. कंपनीच्याच पानावर. त्याच्यात शोचं पण असतं. मनिषाताईचं कायतरी कळंल."

ती फोन घेऊन वसरीत बसली आणि इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगू लागली. भागवत एका बाजूला, भिवराबाई दुसऱ्या बाजूला.

"'जादूगार मस्त. मुलं खूश.' ... 'थिएटरमध्ये एसी फार थंड.' ... 'कापडावरची मुलगी म्हणजे या जहाजाची शान. नक्की बघा.' हे महिन्यापूर्वीचं हाय." भागवतनं तेवढ्यातही भिवराबाईकडे बघितलं. "... 'दुसऱ्या दिवशीचा शो मध्येच थांबवला, कारण सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला हे शोभत नाही.' हे आमच्या वेळचं. ... 'सराव नसलेली माणसं स्टेजवर कशाला आणता?'"

"सराव नसलेली?" भागवत म्हणाला.

आरोही पुढचं वाचायला गेली आणि थांबली. अंगठ्यानं पान वर सरकवू लागली.

"ते मधलं राहिलं की," भिवराबाई म्हणाली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण सरकलेलं पान दिसत होतं.

आरोहीनं फोन मांडीवर उपडा ठेवला. "ते माझं हाय मावशी."



"पडदा पडल्या-पडल्या फोनवर विचारतेत ओ, शो कसा वाटला म्हणून. मी मागं बसलेले, ती पडली ते दिसलंच न्हाई, अन् तोंडाला रंग, वळखू बी आलं न्हाई. म्हणलं, अर्धाच दाखवला, मूड गेला. दोन स्टार दिले." तिचे डोळे भरले. "ते आता पुसता येत न्हाई. मी लई बघितलं."

"ऱ्हाऊ दे बाई," भिवराबाई म्हणाली आणि उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेली.

त्या दिवसापासून आरोही रोज येऊ लागली. जहाजाची नवी फेरी, नवे लोक, नवी मतं. भागवत गाडी लावून वाट बघत बसे. 'कापडावरचा शो यादीत होता, पण झाला नाही.' 'त्याऐवजी एक गायिका होती, ठीकठाक.' 'आमच्या मित्रांनी सांगितलेली दोरीवरची मुलगी दिसली नाही. निराशा.' आपल्या लेकीची खबर त्याला अशी कळत होती: ती कुठं दिसली नाही, एवढीच.

"आपण बी लिहू," आरोही म्हणाली. तिनं लिहिलं: दुसऱ्या दिवशी पडलेली मुलगी कशी आहे? तिचे आईवडील काळजीत आहेत. कृपया कळवा.

तासाभरात उत्तर आलं. आरोहीनं वाचून दाखवलं. आपण वेळ काढून मत नोंदवल्याबद्दल आभारी आहोत. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. पुढच्या सफरीत आपलं स्वागत करायला आम्ही उत्सुक आहोत.

"म्हणजे?" भागवतनं विचारलं.

"म्हणजे काहीच न्हाई काका."

पुढच्या वेळी जहाज मुंबईला लागलं तेव्हा फोन नाही, पण एक मेसेज आला: बरी आहे, कामात आहे, नंतर बोलते. भागवतनं उलट लावेपर्यंत फोन पुन्हा बंद. त्या फेरीत त्यानं उसाच्या ट्रॅक्टरला घासता घासता गाडी वाचवली, आणि मागं बसलेल्या राधाकिशन म्हाताऱ्यानं त्याला आईवरून शिवी दिली. भागवतनं ऐकून घेतली.

ती पडल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. कोचीहून. भागवत जेवत होता, खरकट्या हातानंच त्यानं फोन उचलला आणि स्पीकर लावला.

"आबा, मी बरी हाय," मनिषा म्हणाली. मागं वाऱ्याचा आवाज होता. "उगं काळजी करू नका. थोडा खांदा लचकलाय. डॉक्टरनं बघितलं."

"पडलीस म्हणं."

"घसरले जरा. आता आराम दिलाय मला. थेटरच्या दारात उभी असते. लोक बाहेर पडताना पुढं टॅब धरायचा, कार्यक्रम कसा वाटला इचारायचं. सोपं काम हाय." ती हसली. "लोक मलाच सांगतेत आबा, ती कापडवाली पोरगी कुठं गेली. मी म्हणते, सुट्टीवर हाय."

भागवतनं हातातला घास ताटात ठेवला. "उतरून ये," तो म्हणाला. "मुंबईला जहाज लागलं की उतर. मी गाडी घेऊन येतो."

"पाच महिने ऱ्हायलेत. मधी उतरलं तर पुन्हा कुठलं जहाज घेत न्हाई आबा. अन् उतरून काय करू? केजात कुठं दोर टांगू?"

भागवतनं फोन भिवराबाईपुढं केला. तिनं ना पडल्याचं विचारलं, ना खांद्याचं.

"मने, वेणी कोण घालतं गं तुझी?"



"केस कापले माय," मनिषा म्हणाली. "इथं सगळ्याच पोरी कापतेत. खाऱ्या हवेनं लई गुंता व्हतो."

भिवराबाईनं डोळे मिटले. मनिषाचे केस कमरेच्या खाली होते. लहानपणी दोरीवर अडकतील म्हणून सरांनी कापायला सांगितले, तर ती दोन दिवस जेवली नव्हती.

"बरं केलंस," भिवराबाई म्हणाली. "जेवती का टायमावर?"

"जेवते. ठेवते आता, ड्यूटी हाय."

फोन बंद झाला. भागवतनं ताट सरकवलं. आपण मुंबईला जाऊन धक्क्यावर उभं राहू, काय होईल ते होईल, असं तो म्हणाला. एजंटाला विचारलं, तर पासशिवाय फाटकाच्या आत कुणाला सोडत नाहीत, आणि पास कंपनी देते, आणि कंपनीला मेल टाकावा लागतो. दोन दिवस तो सगळ्या फेऱ्यांत गप्प बसून गाडी चालवत राहिला. कुणी मनिषाचं विचारलं तर "बरी हाय" म्हणे आणि हॉर्न वाजवी.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आरोही पळत आली. "काका, आज एक नवीन आलंय," म्हणाली आणि दारातूनच वाचू लागली. "'शो ठीक होते. पण थिएटरच्या दारात उभी असणारी मुलगी फार हसतमुख. माझ्या आईला जिना उतरताना तिनं हात धरून नेलं. तिच्यासाठी पाच तारे.'"

भागवतनं ते तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं, मग तिसऱ्यांदा. भिवराबाई तीळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"त्यात नाव हाय का तिचं?" तिनं विचारलं.

आरोहीनं पुन्हा बघितलं. "न्हाई मावशी. नाव न्हाई."

"कोणत्या हातानं धरलं, उजव्या का डाव्या, ते?"

"तसं कुणी लिहीत न्हाई."

भिवराबाईनं सुपातले खडे बोटानं एका कडेला लोटले. "मग दुसरी कुणी आसंल," ती म्हणाली.

भागवतला वाटलं, म्हणावं, तीच आहे, जिना उतरताना म्हातारीचा हात धरणारी दुसरी कोण असणार. पण त्याला तरी काय ठाऊक होतं. बाहेर त्याच्या गाडीत माणसं भरून बसली होती, आणि कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो चप्पल घालून निघाला.