तुळसाच्या राशीची शीग

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे, भात मोजायचं लाकडी माप. देवरुखच्या बाजारात एका सुताराने फणसाच्या लाकडातून मला कोरलं, तोंडाला लोखंडी कडं बसवलं आणि मी रावजीच्या घरी आले. मला गर्व कशाचा, सांगू? शिगेचा. काठापर्यंत भरल्यावर वर भाताचा निमुळता ढीग चढतो ना, ती शीग. रावजी कुणाला भात द्यायचा तो शीग भरूनच. "रावजीची पायली म्हणजे पायली!" असं गाव म्हणायचं आणि मी फुगून जायचे. त्याच शिगेने पुढे घात केला.

आमच्याकडे भाताची रोपं करायची जमीन आधी भाजतात. झाडांच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, पसरायचं, वर शेण आणि वाळक्या पानांचा पातेरा टाकून पेटवायचं. फांद्या तोडायचे पुरुष. भारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरायच्या बायका. रावजीची बायको तुळसा दर उन्हाळ्यात शंभरावर भारे आणायची. रात्री तिला मान वळवता यायची नाही.

१९२७ सालची गोष्ट. ती म्हणाली, "अवो, न भाजता नुसतं शेणखत घालून रोपं केली तर?"

"माज्या आज्यान् भाजलान, बापाशीन् भाजलान. ते काय येडे व्हते?"

"येडे नाय वो. पन न भाजता कुनी बगितलान काय?"

रावजी माणूस मनाचा मोठा. म्हणाला, "बरं. सारकं पिकलं तर पुढच्या सालापासून कवळ बंद."

तुळसाची अक्कल बघा. खाचर एकच, मधोमध बांध. बी एकाच कणगीतलं, लावणी एकाच दिवशी, पाणी तेच, खतही तोलून सारखं. फरक एवढाच, की अलीकडची रोपं भाजलेल्या जमिनीतली आणि पलीकडची न भाजलेल्या. एकदा दिराचं, केरूचं, रेडकू तिच्या अर्ध्यात शिरलं आणि चार चूड, म्हणजे रोपांचे झुबके, खाऊन गेलं, तर हिने दुसऱ्या अर्ध्यातले चार चूड स्वतः उपटले! रावजी पोट धरून हसला. एवढा सगळा विचार केला तिने. मापायला कोण बसणार, याचा मात्र केला नाही.

झोडणी झाली. अंगणात दोन राशी पडल्या. रावजी मला घेऊन बसला. "लाभ," म्हणाला, आमच्याकडे पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. आधी भाजलेल्या अर्ध्याची रास. आपलीच ती, तिला शीग कशाला? काठावरून हात फिरवून तो सपाट मोजत गेला. तेहतीस पायल्या.

मग तुळसाची रास. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. रावजीला तिचं कौतुक वाटलं. "तुज्या भाताला हात आखडता नाय हां!" असं म्हणून त्याने पहिलीच पायली शिगेने भरली. ती लाजली. मीही मिरवले. लाभ, दोन, तीन... तिसाव्या पायलीला रास संपली.

मित्रांनो, आलं ना लक्षात? प्रत्येक पायलीत भात जास्त गेला, म्हणून पायल्या कमी भरल्या. दोन्ही राशी सारख्याच होत्या. मला ठाऊक होतं, पण मापाला कुठली वाचा?

"तीन कमी," तुळसा म्हणाली. "तीन पायल्या म्हंजे घराचं चार दिस. भाजायलाच हवं." निकाल तिच्याविरुद्ध गेला आणि तिने तो मुकाट्याने मानला. याचंच मला सर्वांत वाईट वाटतं.

त्यानंतर सात उन्हाळे तिने भारे वाहिले. सातव्या उन्हाळ्यात उतारावर पाय सरकला, भारा मानेवर आला. आठव्या दिवशी तुळसा गेली.

भारे लेकीच्या, राहीच्या, डोक्यावर आले. दोन वर्षांनी तिने आईसारखाच बांध घातला, फक्त अर्ध्यांची अदलाबदल केली. आणि मापायला शेजारच्या काशीला बसवलं. कुठली रास कुठली, ते तिला सांगितलंच नाही. वर हातात एक सरळ पट्टी दिली, की प्रत्येक पायली हिनेच सपाट कर.

एकतीस. आणि एकतीस.

"आनखी येक साल बगू, मगच ठरवू," राही म्हणाली. पण रावजीची नजर पट्टीने खाली पडणाऱ्या भातावर होती. तो उठला. त्याने मला शिगेने भरलं, पट्टी फिरवली आणि सांडलेला भात ओंजळीत घेतला.

"मी तिला भरभरून देत व्हतो गो," तो म्हणाला.

"बाबा, देताना शीग भरावी. मोजताना नाय."

ओंजळीतला भात रावजीने पुन्हा राशीत टाकला नाही.

पुढच्या वर्षीही माप सारखंच आलं आणि कवळ बंद झालं. आता माझं कडं गंजलंय, बुडाला चीर गेलीय. मला जपा, मित्रांनो, पण त्याआधी एक ऐका. जे उत्तर तुम्हाला हवंसं वाटतं, किंवा जे माणूस तुमचं लाडकं आहे, त्याची रास स्वतः मोजू नका. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला बसवा, आणि दोन्ही राशींवर एकच पट्टी फिरवू द्या.

डोंगरावरची ऐनाची झाडं आता भरगच्च वाढलीत. भाऱ्यांची वाट गवताने बुजून गेली आहे. तुळसाला हेच बघायचं होतं.