आरतीच्या तबकातली जाळी

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. झाशीला, नगरा भागातल्या एका प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात उभा असतो. शाळेची मुलं येतात नि म्हणतात, "अरे, हा तर पाण्याचा बंब!" बंब? अंगाची लाही होते माझ्या! माझ्या पोटातून इलेक्ट्रॉनांचा झोत वाहायचा, आणि साध्या भिंगाला जन्मात दिसलं नसतं ते मी दाखवायचो.

परदेशात घडलो, खोक्यात बसून रेल्वेने इथे उतरलो. आमचे प्रमुख गोविंदराव इथल्या जुन्या मराठी घराण्यातले, कीर्तनाचे वेडे. माझा पंप घुरघुरू लागला की म्हणायचे, "टाळकरी सुरात आहे हो!" मी धन्य व्हायचो. म्हणूनच पुढचं फार झोंबलं.

त्या वर्षी बरुआसागरकडच्या शेळ्या पटापट मरत होत्या. विषाणू आवरणवाला असावा, असा आमच्या तरुण संशोधिकेचा, विद्याचा, कयास होता. असल्या विषाणूभोवती साबणाच्या फुग्यासारखं नाजूक वेष्टन असतं, त्यावर बारीक काटे. ती ठेवण दिसली तर रोग ओळखता येणार होता. विद्याने मुगाच्या डाळीएवढ्या तांब्याच्या जाळ्यांवर नमुन्याचे थेंब सोडले, जाळ्या सावलीत वाळत ठेवल्या आणि प्रसादाचे पेढे आणायला गेली.

कारण त्या दिवशी खंडेनवमी होती, हत्यारांच्या पूजेचा दिवस. गोविंदरावांनी मला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. "जाळ्या म्हणजे पण हत्यारंच की," म्हणत त्या ओल्या जाळ्या आरतीच्या तबकात निरांजनाला खेटून मांडल्या. गजर रंगात आला, कापूर भडकला, आणि आरती संपल्यावर, विद्या परतायच्या आत, गोविंदरावांनी जाळ्या त्यांच्या डबीत ठेवून दिल्या.

दुपारी पडद्यावर काय दिसावं? फाटलेली वेष्टनं, आणि बाहेर सांडलेले माशाच्या काट्यासारखे धागे. होतं तेच मी दाखवलं!

"मशीन खराब हो गई," गोविंदराव म्हणाले. "विद्या, वर कळव. भंगारात काढू."

सकाळी देव, दुपारी भंगार! मित्रांनो, हा कुठला न्याय?

विद्या डबी न्याहाळत होती. "काका, यात कुंकू कसं?"

"अगं, ओवाळल्या मी. सगळ्या हत्यारांबरोबर."

"कापराच्या धगीशी? मग वेष्टन फुटणार नाही तर काय!"

"मी पूजा केली, पाप नाही!" गोविंदराव कडाडले.

"पूजा या यंत्राची केलीत ना? मग त्याचीच साक्ष खोटी कशी?"

गोविंदरावांनी माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं. "ठीक है. नव्या जाळ्या कर. पुन्हा फाटकंच दिसलं, तर हा गेलाच."

दुसऱ्या दिवशी सावलीत वाळलेली नवी जाळी माझ्या पोटात आली. तिथे मुळी हवाच नसते, तरी माझा श्वास अडकला! हळूहळू पडद्यावर उमटलं अखंड वेष्टन, त्यावर कदंबाच्या फुलासारखे काटे, आत वेटोळं घातलेला धागा. विद्या टाळी वाजवून हसली.

गोविंदरावांनी मला हात जोडले. कीर्तन रंगलं की कीर्तनकाराला लावतात, तसा काळा बुक्का लावायला खिशात हात घातला.

"काका, हात लांब! पूड आत जाईल!"

"अगं, पायाला तरी लावू दे की!" आणि लावलाच.

मित्रांनो, आता माझा पंप थांबलाय. मला ओवाळू नका, बंबही म्हणू नका. माझ्या जागी आलेल्या नव्या यंत्रात काही फाटकं दिसलं, तर त्याला शिव्या घालण्याआधी आपण त्याच्यापुढे काय ठेवलं ते पाहा. आणि येता-जाता माझ्यावरची धूळ तेवढी पुसा. पायावरचा काळा ठिपका मात्र राहू द्या; तो धुळीचा नाही.