सतरावं ठिगळ

सोळा ठिगळं मुकाट्यानं बसली आणि सतराव्यापाशी घोडं अडलं. तेजस्विनीनं ते प्रोग्रॅममध्ये चार ओळी वर सरकवून पुन्हा लावलं, टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपला झोपवलं आणि उठवलं. उठला कसला! पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागला होता, पण पडदा काळा तो काळाच. मग तिनं सतरावं काढूनच टाकलं. या खेपेला लॅपटॉप गुणी बाळासारखा डोळे उघडून समोर बसला.

ती खुर्चीत मागे रेलली. आता पळवाट उरली नव्हती.

हा सगळा खटाटोप 'शिदोरी'चा. शिदोरी ही जुन्या, टाकाऊ ठरलेल्या कंप्युटरांवर चालणारी फुकट प्रणाली. जिल्ह्यातल्या वाचनालयांत आणि आश्रमशाळांत ती चालते, आणि ती सांभाळणारी पाचसहा मंडळी आपापली पोटापाण्याची कामं करून हा उद्योग करतात. तिच्या पोटात असतं कर्नेल, म्हणजे यंत्र आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्या मधला कारभारी. ते जगभरातले लोक मिळून लिहितात. त्याची नवी आवृत्ती घेतली की शिदोरीची स्वतःची एक्केचाळीस ठिगळं, म्हणजे पॅच, त्यावर एकेक करून बसवायची, हे तेजस्विनीचं काम. वर्षातून तीनदा. जे दुखणं मूळ कर्नेलमध्येच बरं झालं असेल, त्याचं ठिगळ काढून टाकायचं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं, उलट तेवढंच ओझं कमी होतं.

सतरावं मात्र तिनं तीन वर्षं खोटं बोलून सांभाळलं होतं.

ते पुंजाकाकांचं. काका अंबडच्या एका कारखान्यात मशिनदुरुस्तीला होते. निवृत्त झाल्यावर नाशिक रोडच्या वाचनालयात तिच्या रविवारच्या वर्गाला येऊन बसले, नातवंडांच्या वयाच्या मुलांत, आणि सगळ्यांच्या पुढे गेले. वाचनालयातले लॅपटॉप एकदा झोपले की त्यांचे पडदे उठत नसत. काकांनी महिनाभर घड्याळ लावून प्रयोग केले आणि एका बोटानं तीन ओळींचा पॅच लिहिला: उठल्यावर पाव सेकंद थांब, मग पडदा लाव. सहा वर्षं झाली त्याला. तेव्हापासून नवी आवृत्ती आली की काकांचा फोन ठरलेला. प्रश्न एकच. माझं ठिगळ अजून लागतंय का?

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, मूळ कर्नेलमध्येच ते दुखणं नीट बरं झालं. त्याच आठवड्यात काकूंनी तिला फोनवर रडत सांगितलं होतं, की काका स्टेशनवरून घरी येताना रस्ता विसरले आणि दोन तास बाकावर बसून राहिले. चार दिवसांनी काकांचा फोन आला, तेव्हा तेजस्विनीच्या तोंडून निघून गेलं, "लागतंय काका." आणि मग ते दर वेळी निघत राहिलं. पाव सेकंदानं कुणाचं काय बिघडणार होतं? म्हाताऱ्या माणसाला आपली गरज आहे असं वाटलं, तर वाटू दे की. पण नव्या आवृत्तीत आतली सगळी रचनाच बदलली आणि तो पाव सेकंद आता मशिनच्या मुळावर आला. आठ दिवसांत ही आवृत्ती पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळांत जायची होती.

हे फोनवर सांगायचं तिला धाडस होईना. ती नाशिक रोडला गेली.

दुपार होती. थंडीतलं मऊ ऊन गॅलरीत पसरलं होतं आणि त्यात पुंजाकाका आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. लंकाकाकूंनी तिला दारातच थांबवून हळू आवाजात सगळं सांगितलं. परवा ते मुलाचं नाव विसरले, काल जेवलेलं विसरले. तुला विचारायचा तो प्रश्न तेवढा विसरत नाहीत बघ, असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. स्टेशनवरची घोषणा वाऱ्याबरोबर अर्धीमुर्धी येत होती, कुठली गाडी ते काही कळत नव्हतं. तेजस्विनी काकांशेजारच्या स्टुलावर बसली. त्या उन्हात तिचेही डोळे जड झाले. क्षणभर वाटलं, असंच बसून राहावं, कुणी कुणाला काही सांगूच नये.

"आलीस होय," डोळे न उघडता काका म्हणाले. मग त्यांनी आत्ताच पडलेलं स्वप्न तिला सांगितलं. कारखान्याची मोठी शेड होती, सगळी मशिनं पांढऱ्या चादरी ओढून झोपली होती, आणि काका अनवाणी त्यांच्यामधून चालले होते, कुणाची झोप मोडू नये म्हणून. एका मशिनची चादर तेवढी सरकली होती. ती नीट करायला ते वाकले, आणि जाग आली.

तेजस्विनीनं एकदम सांगून टाकलं. "काका, तुमचं ठिगळ काढावं लागलं. आता लागत नाही ते."

काकांनी डोळे उघडले. तिला वाटलं, आता चेहरा पडेल, आता मान खाली जाईल. पण काका खुर्चीचे हात धरून ताठ बसले आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की तिला कितीतरी दिवसांत तो तसा दिसला नव्हता.

"मंग कारण घावलं?"

त्यांनी काकूंना हाक मारून कपाटातली वही मागवली. जाड पुठ्ठ्याची, कारखान्यातल्या दिवसांपासूनची. त्यांच्या दुरुस्ती खात्याची एक रीत होती, ती त्यांनी तिला समजावून सांगितली. मशिन तात्पुरतं चालू केलं, तर ते लाल शाईनं लिहायचं आणि 'कारण' म्हणून पुढे जागा मोकळी ठेवायची. खरं कारण सापडलं, की निळ्या शाईनं ती जागा भरायची. लाल नोंद उघडी ठेवून माणसानं घरी जायचं नाही, निदान तिचा पिच्छा सोडायचा नाही. पानापानावर लाल ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे निळं उत्तर होतं. शेवटची तेवढी उघडी. 'वाचनालय लॅपटॉप. उठल्यावर पडदा काळा. पाव सेकंद थांबवून चालू केला. कारण:'

त्याखाली पेन्सिलीनं तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे तेच. 'तेजस्विनीला विचारलं. अजून लागतंय.'

तिनं मोजल्या. अठरा. पहिल्या नऊ खऱ्या होत्या. पुढच्या नऊंत अक्षर हळूहळू वाकडं होत गेलं होतं, आणि शेवटच्या ओळीत तिच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं.

इतके दिवस तिला वाटत होतं, ते ठिगळ टिकावं म्हणून विचारतात. ते तर खरं कारण सापडून ते निघायची वाट बघत होते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की काकूंनी पुढे केलेला कप तिनं तसाच खाली ठेवला.

काकांनी निळं पेन उघडलं. "सांग. काय झालं हुतं त्याला?"

तिनं सांगितलं. दोष पडद्याचा नव्हताच. बॅटरी सांभाळणारी एक छोटी चिप असते, ती आधी जागी व्हावी लागते, आणि कर्नेल तिला न विचारताच पडद्याला हाक मारत होतं. आता ते आधी तिला विचारतं, जागी झालीस का? तिचा होकार आला, की मगच पुढे जातं.

"म्या पडद्याकडंच बघत बसलो," काका स्वतःशीच हसले. मग त्यांनी पेन वहीवर टेकवलं. "तारीख सांग. कधी घावलं?"

आजची तारीख सांगता आली असती. काकांना ते कधीच कळलं नसतं. तेजस्विनीनं त्या नऊ ओळींकडे पाहिलं.

"तीन वर्षं झाली काका. जानेवारीत. मला तेव्हाच माहीत होतं."

काकूंनी एकदा तिच्याकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी त्या पेन्सिलीच्या तारखांवरून बोट फिरवलं.

"तवा सांगितलं असतं, तर एकदा सांगून भागलं असतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "आता तू मघाशी बोललीस, तेबी निसटायला लागलंय बघ. चिप म्हणालीस. कशाची चिप?"

"बॅटरीची."

"हां. आता हळू सांग. म्या लिवतो."

तिनं स्टूल जवळ ओढलं आणि पहिलं वाक्य सांगितलं. काका एकेक अक्षर निळ्या शाईत उतरवू लागले. मध्येच हात थांबला, नजर उन्हात कुठेतरी गेली, डोळे मिटल्यासारखे झाले. तेजस्विनीनं घाई केली नाही. ती तशीच बसून राहिली. मग काकांनी वर पाहिलं आणि मान हलवली, तेव्हा तिनं पुढचं वाक्य सांगितलं.