बयाबाईच्या टोपातली पेज

मला टोप म्हणा, मित्रांनो. पातेलं म्हणालात तर मला राग येईल. मी एक जुना पितळी टोप आहे, जाड काठाचा, पोटाने चांगला ऐसपैस. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावात, हैबती आणि बयाबाई यांच्या चुलीवर माझा सारा जन्म गेला. उजव्या अंगाला मला एक पोचा आहे. तो मला शोभत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा कृपा करून तिकडे बघून हसू नका.

महाडच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. बयाबाईचं लग्न ठरलं तेव्हा तिचा बाप आंदणाची भांडी घ्यायला दुकानात आला. त्याने मला उचललं, बोटाने टणकन वाजवलं आणि म्हणाला, "हाच द्या. माझ्या पोरीच्या घरात भात कमी पडायला नको." असा मी बयाबाईबरोबर कापड्याला आलो. ती नवी, मी नवा, दोघेही त्या घरात थोडे बावरलेलेच होतो.

पण बयाबाई कामाची पक्की! चुलीवर ठेवण्याआधी ती माझ्या बुडाला ओल्या मातीचा लेप द्यायची. काजळी मातीला धरायची, मला नाही. भात झाला की लेप धुऊन टाकायची आणि राख-चिंचेने मला असं घासायची की माझ्यात तिचं कुंकूसुद्धा दिसावं. भात शिजवताना पाणी भरपूर. शितं फुलली की फडक्याने माझा काठ धरायची, झाकण जरासं सरकवायची आणि मला कलता करून भातावरचं दाट पांढरं पाणी खाली वाडग्यात काढायची. तीच पेज. चिमूटभर मीठ घालून हैबती ती घटाघटा प्यायचा आणि नांगर घेऊन शेतावर जायचा. शेजारणी म्हणायच्या, "बयाचा भात बघा कसा सुटसुटीत!" आणि मी उगाचच जरा जास्त चमकायचो.

मग कुकर आला. बयाबाईचा मुलगा राजेश महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. त्याचं लग्न झालं, रेश्मा सून म्हणून आली. त्याची पाळी सकाळची, कंपनीची बस फाट्यावर कुणासाठी थांबायची नाही. रेश्मा बिचारी घाईत. कुकर लावला की शिट्टी, शिट्टी झाली की डबा. मला मात्र त्या शिट्टीचा फार राग यायचा. काम एवढंसं आणि बोंब केवढी! मला माळ्यावर टाकलं आणि माझ्या पोटात बियाण्याचे वाल भरून ठेवले. कोळ्याने माझ्या काठाला जाळं विणलं. मी तिथून खाली बघत बसायचो, दुसरं काय करणार?

तिथूनच मला दिसलं की बयाबाईचं काहीतरी बिनसलंय. सारखी तहान, सारखी दमणूक. पुढे डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. चहा कपाबाहेर ओतायची. तांदूळ निवडायला ती सगळ्या आळीत हुशार, पण आता हैबतीच्या दाताखाली खडे यायला लागले. तो म्हातारा खडा हळूच बाहेर काढून मुठीत लपवायचा, बायकोला कळू नये म्हणून. भाताची रोपं लावायच्या, आवणीच्या वेळी सगळ्या बायका चिखलात उतरल्या आणि बयाबाई पहिल्यांदाच ओटीवर बसून राहिली. तिला बांधावरून चालताना कुणाचा हात धरायचा नव्हता.

पोलादपूरला डोळ्यांचं शिबिर होतं तिथे राजेश तिला घेऊन गेला. परत आली ती थेट चुलीपाशी येऊन बसली. मोतीबिंदू होता, ऑपरेशन होण्यासारखा होता. पण रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली. साखर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"म्हंजे मला आता दिसायचंच नाय काय वो?" ती हैबतीला म्हणाली.

"गप गो," हैबती म्हणाला. "चढली ती उतरंल पन. डोळं जागेवर हायत ना तुझं?"

तो हसून बोलला. माळ्यावर मला मात्र रडू आलं, मित्रांनो. तिने मला एवढी वर्षं लख्ख ठेवलं आणि तिच्याच डोळ्यांपुढे अंधार यावा?

बयाबाईने त्या दिवसापासून साखरेशी वैर धरलं. चहा बिनसाखरेचा, गणपतीत मोदकाला हात नाही. कारल्याचा रस ती असं तोंड करून प्यायची की बघणाऱ्यालाच कडू लागावं. डॉक्टरांच्या गोळ्या वेळच्या वेळी घ्यायची. पण ताटात? ताटात भाताचा हा डोंगर, वर आमटीचं पाणी, सोबत तांदळाचीच भाकरी. भाजी नावाला. भात काही गोड लागत नाही, मग त्याच्यात कसली आली साखर, असं तिला वाटायचं. दुसऱ्या तपासणीला साखर जिथल्या तिथे.

अशात राजेशने एक बातमी आणली. कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी मोबाईलवर दाखवलं होतं की कुकरमधला भात वाईट, पेज काढलेला भात खावा, पेजेबरोबर साखर निघून जाते. "आपला पितळी टोप हाय ना माळ्यावर?" तो म्हणाला.

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही! राजेशने शिडी लावली, वाल उपसले, मला उचललं आणि हातातून सोडलं. धाडकन! तोच हा पोचा. पण मला त्याचं काही वाटलं नाही. हैबतीने मला गोणपाटात गुंडाळून एसटीने महाडला नेलं, आतून नवी कल्हई करून आणली. मी चांदीचा असल्याच्या तोऱ्यात घरी आलो. आता मीच बयाबाईला बरं करणार, असंच सगळ्यांना वाटत होतं.

रेश्माने चुलीवर भात चढवला. बुडाला माती लावायची हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी खालून काळाकुट्ट झालो. जाऊ दे म्हटलं. तिने मला कलता करून पेज वाडग्यात काढली. दाट, पांढरी, वाफाळती. साखर निघाली म्हणून सगळे खूश. रेश्मा वाडगं घेऊन मोरीकडे निघाली तशी बयाबाई ओरडली, "कुठं चाललीस गो? पेज फेकतात काय कधी? अन्न हाय ते!"

आणि त्या माउलीने वाडग्यात मीठ टाकलं आणि पेज पिऊन टाकली. सगळी!

वर भात वाढायला लावला तोही दुप्पट. "आता ह्यात साखर नाय, वाढ गो अजून." मी चुलीवर खडबड खडबड करत होतो. अगं बये, जे माझ्यातून काढलं तेच पुन्हा पोटात घालते आहेस! पण टोपाची खडबड कोण ऐकतंय? रेश्मा म्हणाली, "ह्यो टोप डुगडुगतोय, खाली खापरी लावते." लावली खापरी. माझी खडबडही बंद.

रोज हेच. रोज पेज, रोज दोन वेळा भाताचा डोंगर. महिन्याभराने आरोग्य उपकेंद्रातली अनुपमा सिस्टर घरी आली. महाड शहरातली मुलगी, बोलायला मोकळी, गावातल्या बीपी-शुगरच्या पेशंटना घरी जाऊन तपासणारी. तिने बयाबाईच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या. साखर कमी नव्हतीच. उलट थोडी वरच.

बयाबाईने पदर तोंडाला लावला. "नशिबातच नाय माझ्या," ती म्हणाली. "गोड सोडलं, कारलं प्यायलं, माळ्यावरचा टोप काढला. आता काय करायचं राह्यलं?"

"टोपाच्या नावानं उगाच पैसे घातले कल्हईला," रेश्माही चिडून म्हणाली. मला एवढं लागलं म्हणून सांगू! पोचा पडला तेव्हा लागलं नव्हतं तेवढं.

जेवणाची वेळ झाली होती. सवयीप्रमाणे बयाबाईने चाचपडत वाडगं ओढलं, मीठ टाकलं आणि तोंडाला लावलं. अनुपमा बघतच राहिली.

"मावशी, हे काय पिताय?"

"पेज हाय गो. साखर काढलेली."

"साखर काढलेली? कुठून काढली?"

"टोपातून."

"आणि घातली कुठे?"

बयाबाई वाडगं हातात धरून थांबली. हैबती दारात बसला होता, त्याला आधी कळलं. तो एकदम हसत सुटला. "अगो, तू ती पोटात घातलीस!" मग रेश्मा हसली, अनुपमा हसली आणि शेवटी डोळ्यांत पाणी असतानाच बयाबाईही हसली. मी तर एवढा हसलो की झाकण वाजलं. एवढे दिवस माझ्या मनात होतं ते अखेर कुणीतरी बोललं होतं.

मग अनुपमा पाटावर बसली आणि समजावून सांगायला लागली. भात, भाकरी, पेज, पोहे, सगळ्यांची पोटात गेल्यावर साखरच होते, गोड लागो न लागो. पेज काढल्याने थोडाफार फरक पडला तर पडेल, पण भात दुप्पट खाल्ल्यावर तोही गेला. "मावशी, टोपाची काही चूक नाही," ती म्हणाली. त्या वाक्यासाठी मी तिला कधीच विसरणार नाही. "तुम्ही भात सोडू नका. फक्त ताट फिरवा. अर्धं ताट भाजी. मग उसळ, नाहीतर मासा. भात एक वाटी, तोही शेवटी. भाकरी खाल्ली तर भात नको. नाचणीची चालेल, पण ती औषध आहे म्हणून तीन खाऊ नका! मासा तळू नका, कालवण करा. जेवल्यावर थोडं चाला. गोळ्या चालूच ठेवायच्या. चक्कर आली, घाम फुटला तर जिभेवर साखर घालायची आणि लगेच मला फोन करायचा."

"येक वाटी भात!" बयाबाई पुटपुटली. "येवढा तर मी कावळ्याला घालते."

दुसऱ्या दिवशी भात लहान टोपात शिजला. मी चुलीवर बसलो तो कुळीथ घेऊन. कुळीथ! भाताचा टोप मी, लग्नात शेजारणी मला मागून न्यायच्या, आणि माझ्यात कुळीथ? माझी फार चिडचिड झाली. पण कुळीथ शिजायला लागला, लसणीची फोडणी पडली, घरभर वास सुटला आणि हैबती अंगणातून विचारायला लागला की झालं काय? तेव्हा मी जरा नरमलो. पुढे माझ्यात वाल शिजले, मूग शिजले, शेवग्याच्या पाल्याची भाजी शिजली. बियाण्याचे म्हणून इतकी वर्षं पोटात बाळगलेले वाल माझ्यातच शिजतील असं मला तरी कुठे वाटलं होतं?

सोपं नव्हतं हं, मित्रांनो. पहिले दिवस बयाबाईची भूकच भागायची नाही. "सासूला उपाशी मारतेस काय गो?" म्हणून ती रेश्मावर खेकसायची. रेश्मा रडकुंडीला यायची, पण दुसरी वाटी वाढायची नाही. एकदा बयाबाईचा हात भाताच्या टोपाकडे गेलाच. हैबतीने आपलं ताट पुढे सरकवलं. त्यातही एकच वाटी भात होता. त्याला तर साखरेचा आजारही नव्हता.

"तुमाला काय झालंय?" तिने विचारलं.

"काय नाय. तुझ्यासमोर डोंगर खाऊन माझ्या घशाखाली उतरत नाय."

बयाबाईने हात मागे घेतला. त्यानंतर तिने कधी दुसरी वाटी मागितली नाही. जेवण झालं की दोघं बांधापर्यंत चालत जायची, ती त्याचा हात धरून, नाखुशीने. पेज गोठ्यातल्या गाईला मिळायला लागली. गाय एवढी खूश झाली की पेजेचा वास आला की दाव्याला ओढ द्यायची.

साखर एकदम उतरली नाही. आधी थोडी, मग आणखी थोडी. एकदा गावात लग्न होतं तेव्हा पुन्हा वर गेली, आणि बयाबाईने न विचारताच सांगून टाकलं की जिलेबी खाल्ली. आजार काही गेला नाही, तो जाणारही नव्हता, पण ताब्यात आला. आणि एके दिवशी राजेश पाळी संपवून आला तो ओरडतच, "आये, डॉक्टर हो म्हणालं! ऑपरेशनची तारीख मिळाली!"

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी असेल, "मी तर गोड खातच नाही" म्हणणारं. त्यांच्यावर ओरडू नका. त्यांच्या ताटात एकदा प्रेमाने डोकवा, आणि त्यांच्या ताटासारखंच आपलं ताट वाढून शेजारी बसा. एवढं कराल ना? चांगला टोप कामाला येतो, पण शेजारी बसणारं माणूस त्याहून जास्त कामाला येतं, हे मी पितळेचा असूनही तुम्हाला सांगतो.

ऑपरेशन महाडला झालं. काळा चष्मा लावून बयाबाई घरी आली आणि बरेच दिवस तिला चुलीजवळ कुणी फिरकू दिलं नाही. मग एका सकाळी ती आत आली. कुणाचाही हात न धरता. चष्मा काढला आणि चुलीवरच्या माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार. मी पोचा लपवायचा प्रयत्न केला.

"रेश्मा!" ती एवढ्याने ओरडली की गोठ्यातली गाय हंबरली. "अगो, माझ्या टोपाचं बूड केवढं काळं केलंयस! माती नाय लावलीस काय?"

रेश्मा धावत आली आणि सासूला मिठीच मारली. "आई, तुमाला दिसलं! तुमाला बूड दिसलं!"

बयाबाईने तिला बाजूला केलं, मला उचललं, अंगणात नेलं आणि राख-चिंच घेऊन बसली. रेश्माला जवळ बसवून बुडाला माती कशी लावायची ते सांगितलं. मग घासलं, घासलं, घासलं. अंगाची नुसती आग झाली, पण मी हूं की चूं केलं नाही. शेवटी पाणी ओतून तिने मला उन्हात धरलं आणि माझ्यात वाकून बघितलं. तिचा चेहरा मला दिसला, माझ्यात तिला तो दिसला. कपाळावरचं कुंकू जरा वाकडं लागलं होतं.

तिने ते बोटाने सरळ केलं.