एका कॉलमचा मथळा

वर्तमानपत्रात वर्षं काढलेल्या माणसाला एक उतरंड तोंडपाठ असते. पोलिसांनी नेला तो संशयित, खटला उभा राहिला की आरोपी, कोर्टानं दोषी ठरवलं की गुन्हेगार. उपसंपादक बाई नव्या बातमीदारांकडून हे घोकून घ्यायच्या. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! काल संध्याकाळी पान छपाईला सोडायची घाई, मथळा एका कॉलमचा, आणि ‘चावीवाला संशयित ताब्यात’ काही केल्या मावेना. बाईंनी ‘संशयित’ काढून ‘चोर’ घातला. मथळा फिट्ट बसला आणि बाई चहाला गेल्या. बातमीत नाव नव्हतं. फोटो नंतर दुसऱ्याच कुणी लावला.

सकाळी खालून आरडाओरडा आला. बाईंनी गॅलरीतून वाकून पाहिलं. तळमजल्यावरच्या चावीवाल्याच्या दारापुढे माणसं जमली होती. कुणाच्या हातात पाना, कुणाच्या हातात पेपर. फोटोत तोच होता. भेटला की ‘वहिनी, बरं आहे ना?’ विचारणारा.

दार लावून घ्यावं, असं त्यांना वाटलं. खोटं कशाला बोला, लावलंच होतं. तेवढ्यात खालून त्याच्या आईचा आवाज आला, “अहो, चौकशी करून सोडलंय त्याला! काही सापडलं नाही!” त्यावर दारावर लाथ बसली.

बाई जिना उतरल्या. वाट काढत त्या दारापर्यंत गेल्या आणि गर्दीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“थांबा! तो चोर नाही. तो शब्द मी घातलाय.”

“वहिनी, तुम्ही बाजूला व्हा,” इस्त्रीवाला म्हणाला. रोज त्यांचे कपडे नेणारा, गरीब गाय म्हणावी असा माणूस. आता त्याचे डोळे बघवत नव्हते. “पेपरवाले उगाच छापतील होय?”

“अरे, पेपरवाली मीच! जागा पुरेना म्हणून घातला.”

“काल चोर, आज साव? का? ओळखीचा निघाला म्हणून?”

अनोळखी असता तर बाई आत्ता वर निवांत पेपर वाचत बसल्या असत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं.

“साथीदार आहे ही,” मागून कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं, हे कुणी विचारलं नाही. शब्द तोंडातोंडी पुढे आला आणि इस्त्रीवाल्यानंही तो उच्चारला. गर्दी एक पाऊल पुढे सरकली.

बाईंची पाठ दाराला टेकली. त्या मागच्या मागे दार बडवू लागल्या. “उघडा! मी वरची वहिनी! मला आत घ्या!”

आत कडीला हात लागल्याचा आवाज झाला. मग म्हातारी ओरडली, “उघडू नकोस रे, त्यांच्यातलीच आहे ती!”